अर्धी गोळी

कसबा पेठ, ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमा हीस, दादाचा आशीर्वाद.

फोनवरचं बोलणं तुझ्या वहिनीला पलंगावरून ऐकू जातं, म्हणून पत्र. आनंदीचा मणक्यातला कॅन्सर आता हटायचा नाही असं कळल्यापासून घरी डॉ. लोपीसबाई येतात. वसईकडच्या, गळ्यात क्रूस, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. पंधरवड्यापूर्वी मी त्यांना जिन्यात गाठून विचारलं, की हिला यातून लवकर सोडवता येणार नाही का. म्हणाल्या, काका, तो अधिकार माझा नाही, माझ्या धर्मात ते बसत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मॉर्फीन सुरू केलं. ही दोन दिवस सारखी झोपून. तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने तेच करायचं, असा मला संशय आहे. विचारलं मीच, पण ही खरंच जाईल म्हटल्यावर ते नको झालं. तेव्हापासून गुपचूप अर्धीच गोळी देतो.

संध्याकाळी तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. पूर्वी एक शब्द चुकू द्यायची नाही. आता दात आवळून पडून असते.

तुझ्या भोळ्या दादावर लोभ असू दे.
शरच्चंद्र

कोथरूड, ७ फेब्रुवारी

ती. दादास, हेमाचा सा. न.

भोळा म्हणे. लहानपणी आईचा काढा तू आधी मांजराला पाजून बघायचास. वहिनी दात आवळून पडते हे तूच लिहितोस आणि तुलाच दिसत नाही. बाईंना तोंडावर विचार, त्याआधी अर्ध्या गोळीचं सांग. नाहीतर पुढच्या रविवारी येऊन मी सांगेन.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
हेमा

कसबा पेठ, १५ फेब्रुवारी

चि. सौ. हेमा हीस, आशीर्वाद.

दुखणं हटेना म्हणून बाई गोळी दुप्पट लिहायला बसल्या. तेव्हा अर्ध्या गोळीचं सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, संशय माझ्यावर घ्या, काका, पण तो काकूंना भोगायला लावू नका. मरण यावं म्हणून दिली असती, तर रविवारी देवासमोर गुडघे टेकता आले नसते. दुखणं उतरावं म्हणून देते. सुरुवातीची झोप तीन-चार दिवसांत ओसरेल.

विश्वास बसला असं नाही. अख्खी गोळी दिली आणि मनगट धरून बसलो. तीन दिवस झोपली. काल संध्याकाळी सहावीतली नदीची कविता म्हणत होतो, तर डोळे न उघडताच आनंदी म्हणाली, की तिसरं कडवं गाळलंत, आणि पंधरा दिवस रोज गाळताय.

ते म्हटलं, दोघांनी मिळून. चौथं मात्र दोघांनाही आठवेना. रविवारी येशील तेव्हा घेऊन ये, आणि लोभही.
शरच्चंद्र