एका डोळ्याचा प्रयोग

अकोला,
१२ डिसेंबर १९५९

तीर्थरूप मामांच्या पायी भाचा पंजाब याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सर्व ठीक. तिकडे तुमचा गुडघा आणि मामींचा दमा आपापल्या जागी असतील. (कमी झाले असतील असं लिहिणार होतो, पण औषध तुम्ही दोघंही घेत नाही, मग उगाच खोटं कशाला?)

पत्रास कारण की, तुमच्या भाच्याला दोन डोळे आहेत. तुम्हाला हे ठाऊक आहे, पण अंजनगावात आता कोणी मानत नाही, आणि याला कारण तुम्हीच. कौशल्येचं स्थळ आणलंत तेव्हा तिच्या वडिलांना, सूर्यभानजींना, तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत, "आमच्या पोरात लपवन्यासारखं काईच नाही. कवाही जा, न सांगता जा, अन् पाहून घ्या." सरळ माणूस. सोमवारी न सांगता शाळेत आले.

मी तेव्हा नववीला प्रकाशाचं वक्रीभवन शिकवत होतो. करणाऱ्याकडे बघवत नाही, असा हा प्रयोग आहे. कागदावर काचेची जाड चीप ठेवायची, तिच्या एका बाजूला दोन टाचण्या उभ्या टोचायच्या, मग दुसऱ्या बाजूनं हनुवटी टेबलाला टेकवून, एक डोळा मिटून काचेतून बघत आणखी दोन अशा टोचायच्या की चारही एका ओळीत दिसाव्यात. (असतात वाकड्याच, दिसतात सरळ. आपल्या नात्यातही अशी मंडळी आहेत, नावं घेत नाही.) एक डोळा मिटला की माझं सगळं तोंडच त्या बाजूला ओढलं जातं. त्यात चौथी टाचणी ओळीत येईना. मान वर न करता मी आकृतीवर पेन्सिल ठेवली आणि वर्गाला विचारलं, "हा कोन?" आता आपल्या वऱ्हाडात 'कोण'लाही 'कोन'च म्हणतात, हे सायन्सच्या पुस्तकात कुठे दिलेलं नाही. दारातून अदबीनं आवाज आला, "मी सूर्यभान, अंजनगावचा." मला वाटलं, मागच्या बाकावरचं एखादं टारगट पोर आवाज बदलून बोलतंय. म्हणालो, "चूक. हा आपाती. बस खाली."

सूर्यभानजी बसले. मागच्या बाकावर, पोरांच्या मध्ये, फेटा सावरत, तास संपेपर्यंत. (आपाती म्हणजे किरण काचेवर पडतो तिथला कोन. त्यांना 'आपत्ती' ऐकू आलं असणार.) घंटा झाल्यावर मी उठलो, फेटा दिसला आणि सगळा उलगडा झाला, पण इतका वेळ मिटलेला डोळा असा फडफडायला लागला की धड उघडेना. तसाच त्यांच्या पाया पडलो. चहाचं विचारलं, तर "येतो गुर्जी" म्हणून निघून गेले.

काल माझ्या घरमालकीण मनकर्णाबाई माहेरून, म्हणजे अंजनगावहूनच, परतल्या आणि दारातून म्हणाल्या, "काहून मास्तर, तुमाले एकच डोळा हाये म्हनते सूर्यभान?" दोन वर्षं रोज मला पाहतात, तरी जवळ येऊन खात्री करून गेल्या.

लग्नाची मला मुळीच घाई नाही. पण शाळेत मास्तराची काही इज्जत असते. तेव्हा सवडीनं एखादं कार्ड टाकून त्यांचा गैरसमज दूर करावा, एवढंच. मामींना नमस्कार.

तुमचा,
पंजाब

ता. क. पाकीट चिकटवणार तोच मनकर्णाबाई पुन्हा आल्या. अर्धा निरोप सांगायचा राहिला होता. सूर्यभानजी त्यांना म्हणाले, "पोरगं चांगलं शिकवते. कौशल्येले डाव्या कानानं आयकू येत नाही, थेच सांगाले गेलो होतो, पन तोंडच उघडेना. मंग त्याचा डोळा पाह्यला अन् जीव हलका झाला. आता जोडा बराबर हाये." मामा, तो माणूस सगळा तास एवढंच पोटात धरून बसला होता आणि मी त्याला खाली बस म्हणालो. मला फार लाज वाटली. घाई नाही, हे वर लिहिलेलं खोडलं समजा. मोझरीला कौशल्येला एकदाच लांबून पाहिलं होतं, तेव्हापासून घाईच आहे, आणि कानाचं कळल्यावर ती तसूभरही कमी झालेली नाही.

आणखी ता. क. कार्ड नको. पत्र मिळताच पहिल्या मोटारीनं स्वतः अंजनगावला जा. खरं ते सांगायचंच आहे, पण तुम्ही सगळं एकदम बोलून टाकता म्हणून लिहितो. दोन डोळे ऐकून सूर्यभानजींची मान पुन्हा खाली जायला नको. आधी सांगा, कान कळला, पंजाबचा होकार आहे. त्यांच्या तोंडात गूळ पडू द्या. मग डोळ्याचं सांगा.