शेवटच्या दोन ओळी

स्कारबरो,
गुरुवार, १८ डिसेंबर १९५८

प्रिय हेप्झिबाताई,

आधी तुझ्या गुडघ्यांना नमस्कार आणि मग तुला, कारण मागच्या पत्रात तू गुडघ्यांवर चार पानं लिहिली होतीस आणि स्वतःवर अर्धी ओळ. भावोजींचा खोकला आणि भावोजींची कबुतरं खुशाल असतील अशी आशा आहे. माझं म्हणशील तर मी अगदी ठणठणीत आहे. दोन दिवस घास गिळवत नाही, आणि दारावर थाप पडली की मी कपाटाआड जातो. बाकी उत्तम.

शनिवारी नाताळच्या नाटकाचा पहिला प्रयोग. एकोणपन्नास वर्षं मी लोकांना हसवतोय, त्यातली सत्तावीस झगा घालून, गालाला लाली फासून म्हातारीच्या कामात. (तू दुकानात माझी ओळख ‘हा आमचा इनॉक, कापडात असतो’ अशी करून देतेस. खोटं नाही ते.) पण सोमवारी आमचे मॅनेजर मिस्टर क्लेग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “इनॉकराव, लीड्सचा तो नवा मुलगा मोकळाच आहे. शनिवारी बघू या कसं होतं ते.” हे ते हसत म्हणाले, ताई! मॅनेजर हसला की समजावं, आपलं काही खरं नाही. शनिवारी पडलो तर संपलं. अडुसष्टाव्या वर्षी मला कापडात तरी कोण घेणार?

आता आमची रीत ऐक. (तुम्हा चॅपेलवाल्या सोवळ्या मंडळींना ती पाखंड वाटेल, पण ऐक.) नाटकाच्या अगदी शेवटी म्हातारी दोन ओळींचं यमक म्हणते आणि पडदा पडतो. त्या दोन ओळी पहिल्या प्रयोगाआधी कोणी तोंडातून काढायच्या नाहीत. तालमीत तिथे आल्यावर आम्ही नुसतं ‘टमटम टिटीटम’ म्हणतो आणि चहा प्यायला जातो. ओळी म्हटल्या की नाटकाचं वाटोळं झालंच म्हणून समज. एका गावात एकाने म्हटल्या होत्या, तर नाटक तर पडलंच, पण रंगमंचही पडला, वर उभ्या असलेल्या सहा नर्तकींसकट.

आणि मंगळवारी, ताई, मी तोंड उघडलं. आंघोळीच्या टबात. साबण हातात होता, आजूबाजूला कोणी नव्हतं, मनात आलं एकदा म्हणून बघावं. पण आमच्या घरमालकीण मिसेस मर्गट्रॉइड नेमक्या दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या. बाई पूर्वी नाचायच्या, रीत सगळी ठाऊक. त्यांनी अशी किंकाळी फोडली की साबण मी गिळलाच असता. “अहो बॅरक्लफ! काय केलंत हे! उठा, रस्त्यावर जा, तीन गिरक्या घ्या, डाव्या खांद्यावरून थुंका, एक शिवी हासडा आणि मग दार वाजवून आत यायची परवानगी मागा. आत्ताच्या आत्ता!” मी टॉवेल गुंडाळून डिसेंबरात रस्त्यावर. गिरक्या घेतल्या. थुंकलो. ते नेमकं एका पोलिसाच्या बुटावर.

“काय आजोबा, पोहायला का?” पोलीस म्हणाला. मी खरं ते सांगून टाकलं. तर हा सहा फुटी गडी तीन पावलं मागे! “बाप रे! आणि माझ्या बायकोने शनिवारची पाच तिकिटं काढलीत हो! शिवी दिलीत का?” मी म्हटलं, चॅपेलवाल्या घरातला माणूस मी, ऐन वेळी शिवी आठवेना. मग त्यानेच एक उसनी दिली. (पत्रात लिहिण्यासारखी नाही. भावोजींना माहीत असेल.)

एवढं करूनही बुधवारी व्हायचं ते झालंच. आमच्या नाटकात एक गाय आहे, पुढचे दोन पाय अँब्रोज, मागचे दोन सिडनी. मागचे पाय जिन्यावरून घसरले आणि घोटा सुजला, आता गाय मागून लंगडते. दुपारी परीचा आवाज बसला. संध्याकाळी मिस्टर क्लेगनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. “कोणी म्हटल्या त्या ओळी? गुमान सांगा.” मी गायीच्या मुंडक्याकडे बघत राहिलो. अँब्रोज म्हणाला, “इनॉक, तुला एवढा घाम का फुटलाय रे?” मी म्हटलं, झगा लोकरीचा आहे. ताई, मी झगा घातलेलाच नव्हता.

मिसेस मर्गट्रॉइडनी कोणाला सांगितलेलं नाही, पण सकाळी मासा वाढताना त्या माझ्याकडे बघत नाहीत. मला भीती वाटते गं. लहानपणी तळघरात कोळसा आणायला जाताना वाटायची तशी, आणि आता दिवा धरायला पुढे तू नाहीस. असो. शापाचं बघू काय होतं ते. भावोजींना नमस्कार, कबुतरांना दाणे.

तुझा धाकटा भाऊ,
इनॉक

ता. क. : सोबत शनिवारचं तिकीट ठेवलंय. तिसरी रांग, कडेची खुर्ची, पाय लांब करता येतील. नाटक बघणं पाप आहे हे मला ठाऊक आहे, पण हे लहान मुलांचं नाटक, पापही लहानच लागेल.

ता. क. २ : ये नक्की. वर जे लिहिलं ते सगळं खरं नाही. रीत मी पुरती मोडलेलीच नाही. टबात मी पहिली ओळ म्हटली आणि दुसरी आलीच नाही. बाईंची किंकाळी त्यानंतरची. ओळ कागदावर आहे, मी वाचतो, कागद उलटा केला की गेली. सोपी नवी ओळ जुळवली, चहा होईपर्यंत तीही गेली. तालमीत ती म्हणायची नसते म्हणून अजून कोणाला कळलेलं नाही. आठवण करून देणारा माणूस त्या वेळी पडद्याच्या दोरीवर असतो. शाप असता तर किती बरं झालं असतं.

ता. क. ३ : एकोणपन्नास वर्षांत माझ्या एकाही विनोदाला तू हसली नाहीस, हे मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण शनिवारी मी शेवटी नुसताच उभा राहिलो, तर सगळ्यांच्या आधी तू हस. मोठ्याने हस. एक हसलं की सगळे हसतात, आणि त्यांना वाटेल मी मुद्दाम थांबलोय.