चौधारी पहार

१४ एप्रिल १९३१
मानोऱ्याजवळच्या तांड्यावर नव्या विहिरीचं भुयार ढासळलं. हेमसिंग झरा शोधत आडवा खणत गेला होता, तो आतच अडकला. बाहेरून तीनदा ठोकलं की आतून तीन ठोके येतात. म्हणजे जिवंत आहे. त्याचा भाऊ भाऊसिंग भुयाराच्या तोंडाशी बसून एकेक दगड काढतो — एक काढला की वरून दोन येतात. शेजारी जुनी कोरडी विहीर आहे. तिच्या तळातून तिरपं भोक पाडायचं ठरलं, पाच हात. निदान हवा-पाणी पोचेल. लोहार म्हणून मला बोलावलं. माझी बायको अंजनाही आली, भट्टीचा भाता ओढायला.

१५ एप्रिल
काळा पाषाण. दोघे घण मारतात, मी पहार धरतो, दर घावाला थोडी फिरवतो. दीड हात गेलो आणि पहार एका चिरेत शिरून डावीकडे वळली. चपटी धार — चीर सापडली की तिच्यामागेच जाते. असंच गेलं तर भोक हेमसिंगला चुकवून बाजूनं निघून जाईल. दिवस वाया. त्याची बायको भुरीबाई काठावर बसून आहे.

१६ एप्रिल
अंजना म्हणाली, "एकच धार हाय म्हनून वाकडी जाते. चारी आंगानं धार करा ना."
टोकाला फुलीसारख्या चार धारा काढल्या. पहिली पहार विझवताना पाणी जास्त बसलं, धार ठिसूळ झाली, दहा घावांत कोपरा उडाला. दुसरीच्या वेळी धारेवर गवती पिवळा रंग येईपर्यंत थांबलो, मग विझवली. टिकली. शेजारी नवं भोक धरलं. सरळ चाललंय.

१७ एप्रिल
तीन हात. दुपारी ठोके बंद. विहीर खणवणारे दौलतराव म्हणाले, "मेला तो. थांबवा आता." मलाही तेच वाटत होतं. तळहात सोलून निघालेत. मनात म्हटलं, आता ठोका आला नाही तर पहार खाली ठेवायची.
आला. तीनदा.

१८ एप्रिल
दिवसभर अधूनमधून ठोके. दिवस मावळायच्या आत पहार एकदम हलकी झाली — पार! हाका मारल्या. उत्तर नाही. भुरीबाई खाली उतरली, भोकात पाणी ओतत राहिली. घागर अर्धी झाली तेव्हा आतून खोकला आला. मग, "आनखी."
तिनं पदर तोंडात धरला. हात मात्र ओततच होता.

२१ एप्रिल
लाकडाचे टेकू लावून भुयार मोकळं केलं. हेमसिंग बाहेर आला. उजवा हात दगडाखाली चेंदलाय, काळा पडलाय. त्याला बैलगाडीतून वाशिमला नेलं. हात कापावा लागेल म्हणतात.

२४ एप्रिल
भाऊसिंग घरी आला. बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, दौलतराव थांबवा म्हनले ना, तवापासून आतून ठोका आलाच नाई. तिकडून, भुयाराच्या तोंडाशी, दगडावर मीच मारून राह्यलो होतो. तो जित्ता हाय का नाई, मलेबी ठाव नव्हतं. पन ठोका नसता आला तं तुमी हात थांबवला असता."
थांबवलाच असता.