पहिल्या बेसकडे पाठ

३ मार्च, रविवार

पुन्हा! नणंदबाईंनी माझ्या नाकावर टिच्चून पुन्हा दुसरा बेस चोरला, मी चेंडू टाकेपर्यंत पहिल्यावरून पळत तिथे पोचल्यासुद्धा. घरी एका टेबलावर जेवतो आम्ही, पण रविवारी बेसबॉलला ही समोरच्या संघात. मी पिचर; चेंडू टाकायला उभी राहते तेव्हा माझं तोंड तिसऱ्या बेसकडे, पाठ पहिल्याकडे — आणि पाठीमागे ही बया बेस सोडून हळूच पुढे सरकते. गर्रकन वळून पहिल्या बेसवर फेकलं, तर ती परतायच्या आत बाद. पण मी वळणार हे तिला आधीच कळतं. कसं?

कोच स्पष्टच बोलले. या महिन्यात तिला एकदा तरी असं बाद कर, नाहीतर बाहेरगावच्या सहा महिन्यांच्या शिबिराला माझ्याऐवजी दुसरी पिचर जाईल.

घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, उद्यापासून अंगणात मी पहिला बेस, फेक मला.

५ मार्च

कोचनी सांगितलेलं घोटतेय. वळताना उडी लहान, दोन्ही पाय एकदम फिरले पाहिजेत. हात मागे लांब न्यायचा नाही, कानाजवळूनच फेकायचं. चेंडू गुडघ्याएवढा खाली, म्हणजे झेलल्या झेलल्या तिच्या अंगाला टेकवून बाद करता येतं. आणि फेकण्याआधी दरवेळी सारखाच वेळ थांबायचं नाही.

शेजारच्यांची कुंडी फुटली. नवऱ्यानेच जाऊन माफी मागितली. गुणाचा आहे.

१० मार्च

इतकी झटकन वळले — तरी बाईसाहेब आधीच बेसवर. वर हसतेय!

१३ मार्च

नवरा म्हणतो, आता तुझे पाय काही सांगत नाहीत. फक्त वळायच्या आधी खालचा ओठ चावतेस, पण ते समोरून दिसतं. तिला तर तुझी पाठच दिसते.

खरंच की.

१७ मार्च

पुन्हा तेच. माझं डोकंच चालेना.

संध्याकाळी कोचच्या फोनवर सामन्याचं चित्रण पाहिलं. पलीकडे, तिसऱ्या बेसमागच्या बाकावर नवरा. मी वळायच्या क्षणभर आधी त्याचे दोन्ही हात छातीशी येतात, झेल घ्यायला यावेत तसे. नणंदेच्या थेट नजरेसमोर! पुन्हा पुन्हा पाहिलं.

मग हसू आलं. रोज अंगणात झेलून झेलून सवय लागली बिचाऱ्याला. त्याला काही बोलले नाही, उगाच वाईट वाटेल.

२३ मार्च

त्याला म्हटलं, उद्या पहिल्या बेसमागे, कोचच्या बाजूला बस, तिकडे सावली असते. आधी म्हणाला, मला उन्हाचं काही नाही. मग बरं म्हणाला.

२४ मार्च

बाद!! नणंदबाई धुळीत आडव्या! कोचनी तिथल्या तिथे सांगितलं — शिबिर पक्कं. नवरा टाळ्या वाजवत होता. आज पाय जमिनीवर नाहीत माझे.

२५ मार्च

भांडी विसळताना नणंदेला हसत हसत म्हटलं, तुझ्या दादाची अंगणातली सवय तुझ्या बरी पथ्यावर पडली. तिने नळ बंद केला.

"सवय कसली, वहिनी? पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं त्याने — माझे हात छातीशी आले की बेसवर परत फिर. म्हणाला, वहिनीलाच शिबिराला जायचं नाहीये, पण तिला कोचना नाही म्हणवत नाही."

आत तो माझी शिबिराची बॅग भरतोय.