नळ सोडून बसलेली

१९ ऑगस्ट

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता बरा आहे, पण काठी ती मुद्दाम कपाटामागे लपवून ठेवते. तुझी मालिका लागली की बाबा आवाज इतका वाढवतात की शेजारचे भिंत ठोकतात. तुझ्या लेकाचा खोकला गेला का? बाकी इकडे सगळं ठीक.

ठीक कसलं, डोंबल!

परवा पार्लरमध्ये घोटाळा झाला. बँकेतल्या बाईंच्या केसांना रंग लावला आणि समोर टीव्हीवर तुझी मुलाखत सुरू झाली. आपली बहीण म्हणून मी कौतुकानं आवाज वाढवला. मग रंग धुवायचं भानच राहिलं नाही. बाईंना हवे होते तपकिरी केस, झाले काळेकुट्ट, कपाळासकट. पण त्या ओरडल्या नाहीत. त्या तुझं ऐकून रडत होत्या.

तू सांगत होतीस, बाळंतपणानंतर तुला बाळाला हात लावावासा वाटेना. ते रडायला लागलं की तू बाथरूममध्ये नळ सोडून बसायचीस, रडणं ऐकू येऊ नये म्हणून. निवेदिकेनं तुझा हात धरला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

चिमे, नळ सोडून मी बसायचे गं. तू दाराबाहेर बसायचीस, माझं बाळ मांडीवर घेऊन. "ताई, मी कुण्णाला सांगणार नाही," असं दाराच्या फटीतून म्हणायचीस. शब्द पाळलास हो! माझं म्हणून नाहीच सांगितलंस.

आणि तुझ्या बाळंतपणात मी तिथंच होते. तू लेकाला खाली ठेवत नव्हतीस, मलाही घेऊ देत नव्हतीस. एवढं धडधडीत खोटं बोलताना तुला माझी आठवण तरी झाली का?

पंचाईत अशी की त्यानं भलंच झालं. बँकेतल्या बाई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळ्या झाल्या. एका सासूबाईंनी सुनेला स्वतःहून डॉक्टरकडे नेलं, का, तर टीव्हीवर तू सांगितलंस म्हणून. मी याच खुर्चीमागे इतकी वर्षं कात्री घेऊन उभी आहे. मी बोलले असते तर म्हणाल्या असत्या, हिला काय झालंय! तुला धड शिव्या घालायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस तू मला.

माझ्या लेकीनं तर उशाशी तुझा फोटो लावलाय. "मावशी किती खरं बोलते," हेच दिवसभर. तिला हे कधीतरी मी सांगणार होते, जरा मोठी झाली की, तिला लागणार नाही अशा बेतानं. काल राहवलं नाही. म्हटलं, बाळा, ते मावशीचं नाही, माझं आहे. ते बाळ म्हणजे तू. तू नकोशी नव्हतीस गं, मी आजारी होते.

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. म्हणाली, "आई, मावशीचं ऐकून खूप जणींना ते आपलंच आहे असं वाटायला लागलंय. तू नको मनाला लावून घेऊस."

माझी समजूत काढली तिनं! मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासली.

टाळ्या तुला लखलाभ. टीव्हीवर जाऊन कबूल कर असंही म्हणत नाही, त्या बायकांचा आत्ता कुठे आलेला धीर जाईल. फक्त माझ्या लेकीला फोन कर आणि नळ कोणी सोडला होता ते सांग. मी सांगून तिला पटत नाही, तू सांगितलंस की लगेच पटेल. पोटच्या पोरीला आपण खरं बोलतोय हे पटवायला मला तुझ्याच दारात यावं लागलं, याची चीड शब्दांत मावत नाही.

तो फोन येईपर्यंत इकडे पाऊल टाकू नकोस.

लेकीच्या लेखी खोटी पडलेली,
तुझी ताई