‘सेट’ची वाट पाहणारी

प्रिय ठकू,

समोरासमोर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे तुझ्या टेबलावर ठेवतोय. काल तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला होता. त्याबद्दल रागवायचंय, पण आधी मला कौतुक करू दे.

तुझा कोश वाचला. आपल्या रोजच्या बोलण्यात मुरलेले इंग्रजी शब्द, आणि त्यात तुझा ‘सेट’ अडीच पानं अडवून बसलाय! केस सेट करणं, घड्याळ सेट करणं, डब्यांचा सेट, सिनेमाचा सेट, पोरगा नोकरीत सेट होणं... एवढ्याशा शब्दाचा केवढा हा पसारा! वाचताना अक्षरं धूसर झाली, चष्मा दोनदा पुसला, पण दोष काचेचा नव्हता.

शब्द आपण काढायचा नाही, समोरच्याच्या तोंडून आपसूक आला तरच टिपायचा, हा तुझा दंडक. त्यापायी माझ्या सलूनच्या बाकावर तू दुपारच्या दुपार बसायचीस. हा धीर माझ्याकडून तर नक्कीच आलेला नाही. त्या गवंड्याच्या गालाला फेस लावून मी त्याला खोदून खोदून विचारत होतो, स्लॅब ओतल्यावर काय होतं, मग काय होतं, मग? शेवटी बिचारा वैतागला, “सेट होतो हो! दाढी करा आता!” मी ऐटीत तुझ्याकडे पाहिलं, तर तुझं पेन जागचं हललं नव्हतं. तुम्ही वदवून घेतलंत बाबा, हे चालायचं नाही, म्हणालीस. महिन्याभराने कुणी दुसराच आपणहून तसं बोलला, तेव्हा कुठे तुझ्या कोशात सिमेंट सेट झालं. ही पोरगी बापाचंही ऐकत नाही, हे मी इतक्या अभिमानाने पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आता राग. तुमच्या परगावच्या मुख्य कार्यालयाने तुला संपादकाची खुर्ची देऊ केली, आणि आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत म्हणून तू नको म्हणालीस, हे मला परक्या पोरीकडून कळावं? ते सोमवारपर्यंत थांबणार आहेत म्हणे. मी तुझ्या आत्याला इथे राहायला बोलावलंय, ती बॅग भरून तयार आहे. तू गेल्यावर मला करमणार नाही, ते मी लपवत नाही. पण ठकू, एकटेपण मला सोसेल. तुझ्या नकाराचं कारण होणं नाही सोसणार. उठलीस की आधी त्यांना होकार कळव. चहा मी ठेवतो.

तुझाच, शेजारच्या खोलीतला,
बाबा