सुनंदाचा पाय चुकला नव्हता

प्रिय विजू,

तुझ्या गाडीतला दोष सापडला. परवा दुपारी माझ्या बोटांना चटका बसला, तेव्हा. तेव्हापासून तुला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे, हे मी शाळेत विज्ञान शिकवत असताना कुणालाही ठणकावून सांगितलं असतं. पण या गोष्टीत तुला आवडणार नाही असा भाग आहे, आणि तुझ्या पाठीमागे बोलणं मला जमत नाही. तेव्हा ऐक.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं पांगली आणि रश्मीने अंगणातच विषय काढला. "आत्या, ती गाडी मी भंगारात देणार. बाबा गेले, आता तिला हात लावणारं कुणी नाही. आणि आईच्या हातात तर ती मुळीच नको." लेकीची काळजी खोटी नव्हती. मी तिच्या आईकडे, सुनंदाकडे पाहिलं. ती उठून गेली आणि वाऱ्याने सुटलेला ताडपत्रीचा कोपरा पुन्हा गाडीला बांधून आली. जी वस्तू जाणार, तिची ताडपत्री कोण बांधतं?

मी म्हटलं, "रश्मी, महिनाभर थांब. आधी मला बघू दे, गाडी अशी का वागते."

"तू बघणार? आत्या, तुला गाडी चालवता तरी येते का?"

"नाही येत. मला वीज कळते."

खरं सांगू? मला ती गाडी कधीच आवडली नाही. सुट्या भागांच्या पेट्या मागवून तू ती बोर्लीच्या घरामागे जोडलीस. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर फायबरचं अंग, जुन्या गाडीचं इंजिन, दोन माणसांची जागा, डोक्यावर छप्पर नाही. पासिंगसाठी पेणला किती खेपा मारल्यास ते तुलाच ठाऊक. निवृत्त माणसाने नारळाला पाणी घालावं, असं माझं मत होतं. पण सुनंदा साठीच्या घरात तिच्यात गाडी शिकली, आणि खाडीपलीकडच्या माहेरी एकटी जाऊन यायला लागली. दिघीला फेरीबोटीवर गाडी चढवायची, आगरदांड्याला उतरवायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे दिसायचं ते तू पाहिलं होतंस ना?

मग तो दिवस आला. दिघीच्या उतारावर गाडी बंद पडली. तिने पुन्हा पुन्हा चावी फिरवली, स्टार्टर कण्हत राहिला, शेवटी इंजिन लागलं. पुढच्या वळणावर तिने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी इंजिन ओरडतच राहिलं. चावी बंद करून, हँडब्रेक ओढून तिने गाडी रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्याला घासत थांबवली. कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तू आणि हसनभाई मेकॅनिकने तो दाबून पाहिला, तर केबल लोण्यासारखी मोकळी! मग तू बाजारात, नाक्यावर, घरी आलेल्या प्रत्येकाला हसत सांगितलंस, "काही नाही हो, बाईमाणूस. ब्रेकऐवजी दुसरीकडेच पाय पडला."

त्यानंतर तिने चावी हातात घेतली नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का रे?

मी आधी तिलाच विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी पाय उचलला होता, ताई." एवढंच. मी ते खरं धरलं. आता प्रश्न उरला तो असा : पाय वर असताना गाडी पळाली कशी, आणि दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखी वागली कशी?

हसनभाईला दिघीहून बोलावलं. ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात त्याचं आयुष्य गेलं. तुझा दोस्त, त्यामुळे मत तुझ्यासारखंच पक्कं. "बाई, कार्बुरेटर हाय. मी विजूभाऊला पण बोललो होतो."

"कार्बुरेटर असेल, तर हॉर्न दाबल्यावर पेट्रोलचा काटा का पडतो?"

"तो वेगळा लफडा."

"आणि इंडिकेटर लावला की पुढचे दिवे का मंदावतात?"

"तो पण वेगळा. खारी हवा हाय बाई, हिकडं सगल्यांनाच काय ना काय होतं."

तुमची गंमत ही, विजू, की इतकी वर्षं तुम्ही प्रत्येक लक्षणाला वेगळा आजार समजलात. बॅटरी नवी घातलीत. केबल जड झाली की केबल बदललीत. एका घरात एकाच वेळी चौघांना जुलाब झाले, तर आपण पाणी तपासतो की नाही?

परवा चाकांखाली दगड लावले, गाडी न्यूट्रलला ठेवली. इंजिन लागू नये म्हणून हसनभाईने प्लगच्या तारा काढल्या. चावी फिरवायला सुनंदाला बसवलं. ती बसेना. "ताई, रश्मीला बसवा."

"रश्मी पनवेलला आहे. तू बस."

ती बसली. चावी फिरवली. स्टार्टर कण्हला. मी बॉनेटखाली एकेका तारेला हात लावत होते, कुठे काय तापतं ते बघायला, आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला बोटं टेकताच चटका बसला. मी हात झटकला. हसनभाईने माझ्यावर विश्वास न ठेवता स्वतः हात लावला आणि म्हणाला, "या अल्ला!"

आता सांग. त्या केबलमधून वीज जायचं काही कारण आहे? ती तर नुसती पाय आणि इंजिन यांच्यातली दोरी. मग ती तापली कशाने? तू असतास तर मी तुला इथेच थांबवलं असतं आणि उत्तर आल्याशिवाय चहा दिला नसता.

स्टार्टरला भरमसाट वीज लागते. आलेली वीज बॅटरीकडे परतायला हवी. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणून परतीसाठी इंजिनापासून सांगाड्यापर्यंत एक जाड तांब्याची पट्टी असते. फायबरच्या अंगातून वीज जात नाही, म्हणून दिवे, हॉर्न, काटे, सगळ्यांच्या परतीच्या तारा तू त्याच बोल्टवर आणल्या होत्यास. त्या बोल्टपाशी वाट अडली, तर वीज दुसरी वाट शोधते. तिला केबलची पोलादी वाट सापडली. मी मल्टिमीटर लावला. इंजिन आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात स्टार्टर फिरताना काटा जवळजवळ हलू नये, तो ताडकन उडाला.

मग तो बोल्ट काढला. पट्टी चकचकीत. बोल्ट चकचकीत. खाली सांगाड्यावर रंग!

पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत होड्या वर ओढल्या की हसनभाईच्या भावाच्या होडीला रंग लागायचा, आणि उरलेला रंग तुम्ही सांगाड्याला फासायचात. खाऱ्या हवेत गंज चढू नये म्हणून. त्यातही तू भलता चोख! वरवर फासणारा असतास तर हा घोळ झाला नसता. तू दर वर्षी पट्टी सोडवून तिच्या खालची जागाही रंगवलीस, वाळू दिलीस आणि मग पट्टी आवळलीस. मी खरवडायला लागले तर निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा. हसनभाई उकिडवा बसून बघत होता. "हा निळा शेवटचा. विजूभाऊ बोलला, हसन, एक पण जागा सोडायची न्हाय."

मी म्हटलं, "रुपयाएवढी जागा कोरी ठेवायची, तिथे लोखंडाला तांबं भिडवायचं, आणि मग वरून हवा तेवढा रंग."

"गंज बघून डोकं फिरतं बाई आमचं," तो म्हणाला. "आम्हाला रंग म्हंजी दवा."

पट्टी परत आवळली. सुनंदाने चावी फिरवली आणि स्टार्टर असा गरगर फिरला की ती दचकली. केबल थंडगार. हॉर्न दाबला, काटा जागेवर. मग आम्ही जुनी केबल काढून उभी चिरली. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर ठिकठिकाणी वितळून तारेला धरलेलं. तापलं की धरायचं, गार झालं की सोडायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्हाला ती मोकळी लागली.

मी तो तुकडा सुनंदाच्या हातात दिला. तिने वितळलेल्या जागेवर नख फिरवलं. "म्हणजे मी पाय उचलला होता," ती म्हणाली.

"हो."

"मला माहीत होतं. पण हे सगळ्यांना इतक्या खात्रीने सांगायचे, ताई, की मधूनमधून मलाच वाटायचं, चुकला असेल."

विजू, हे वाक्य तू ऐकायला हवं होतंस.

रश्मी काल आली. मी काही समजावलं नाही, तिला नुसती चिरलेली केबल दिली आणि आईशेजारी बसवलं. नवी केबल टाकली आहे, ब्रेक हसनभाईने तपासले आहेत. दोघी दिघीपर्यंत गेल्या, त्याच उताराने. परतल्यावर रश्मी म्हणाली, "आई वळणावर हॉर्न फार वाजवते." भंगाराचं नाव निघालं नाही. रविवारी सुनंदा माहेरी जाणार आहे, एकटी.

आणि तू? मला एकदा विचारलं असतंस तर! आधी ओहमचा नियम म्हणायला लावीन, ही भीती होती ना? लावलाच असता. पण सुनंदाचे ते महिने वाचले असते.

तुझ्या वतीने मी तिची क्षमा मागणार नाही. ते तुझं काम होतं, ते राहिलं. मात्र एक वचन देते. बोर्लीच्या बाजारात, नाक्यावर, दिघीच्या धक्क्यावर, जिथे जिथे तू हसत हसत "दुसरीकडेच पाय पडला" म्हणालास, त्या प्रत्येकाला मी गाठणार आहे. केबलचा तुकडा पिशवीत टाकला आहे. प्रत्येकाला उभं करून, बोट लावायला लावून सांगणार आहे, की सुनंदाचा पाय चुकला नव्हता.

सुरुवात तुझ्यापासून केली.

जय भीम.

तुझी,
ताई